मस्कतचा पांढरा रंग नेमका कुणाचा?

मस्कतचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. आपल्यापैकी बहुतेकांचा कुणीतरी मावसभाऊ, काका किंवा वर्गमित्र तिथे नोकरीला असतो, आणि त्याच्या प्रत्येक फोटोत मागे तेच दृश्य दिसतं: उघडेबोडके काळपट डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी पांढऱ्या, बुटक्या इमारतींचं शहर. दुबईसारखे काचेचे मनोरे नाहीत. गुलाबी, पोपटी, जांभळी घरं तर मुळीच नाहीत. पांढरा, फार तर मलईसारखा, फार तर वाळूसारखा.

हे असं का, असं विचारलं की दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे "ऊन". दुसरं "परंपरा". पहिलं उत्तर अर्धंच आहे. ऊन तर निझवालाही आहे, आणि जुनं निझवा मातीच्या रंगाचं आहे. दुसऱ्या उत्तराबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं. परंपरा म्हटलं की प्रश्न संपल्यासारखा वाटतो, पण इतिहासाच्या माणसाचं काम तिथूनच सुरू होतं. कुणाची परंपरा? कधीपासूनची? आणि दर चार-पाच वर्षांनी शिडीवर चढून ती नव्याने लावतं कोण?

जुन्या ओमानमध्ये इमारतीच्या अंगावर काय असायचं, इथून सुरुवात करू.

बहुतेक लोकांच्या घरांवर काहीच नसायचं. किनाऱ्यालगत, विशेषतः बातिनाच्या पट्ट्यात, साधी माणसं खजुरीच्या झावळ्यांच्या घरात राहायची. अशा घराला 'बरस्ती' किंवा 'अरीश' म्हणतात. झावळ्यांच्या फटींतून वारा आत येतो, त्या दमट हवेत तेच सोयीचं. रंगवायला भिंतच नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या कुडाच्या, झापांच्या घराचीच ही भावकी. आतल्या भागात, निझवा, बहला, अल हमरा या गावांत, घरं कच्च्या विटांची आणि वरून मातीचाच गिलावा. पाऊस कमी, त्यामुळे माती टिकते. पाऊस आलाच तर गिलावा धुपतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा हात मारायचा.

पांढरी होती ती किनाऱ्यावरच्या बंदरांतली सधन घरं: मस्कत आणि मत्राहमधली व्यापाऱ्यांची, अधिकाऱ्यांची. त्यांना चुन्याचा किंवा जिप्समचा गिलावा आणि वरून सफेती. चुन्याला अरबीत 'नूरा' आणि जिप्समला 'जस्स' म्हणतात. चुना भाजायला भट्टी लागते आणि भट्टीला सरपण. ज्या देशात झाडं म्हणजे मुख्यतः खजुरी आणि बाभळीच्या जातीची खुरटी झुडपं, तिथे सरपण जाळून भिंत पांढरी करणं ही चैनच. या घरांचं बाकीचं सामानही समुद्रावरून यायचं. छताला पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची खारफुटीची लाकडं (जुन्या खोल्या अरुंद असतात त्या यामुळेच, खोलीची रुंदी त्या लाकडाच्या लांबीवर ठरायची), आणि दारं-खिडक्यांना भारतातलं सागवान. मस्कतची पांढरी भिंत ही तेव्हा एका व्यापारी बंदराची खूण होती, सगळ्या देशाची नव्हे.

या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे माती आणि चुना यांच्या मध्ये, एक तिसरी गोष्ट आहे. माझ्या मते ओमानची खरी देशी कमाई तीच. तिचं नाव सारूज.

सारूज बनवण्याची रीत ऐका. खजुरीच्या बागेतली किंवा शेतातली चिकणमाती घ्यायची, पाण्यात मळायची, तिच्या भाकऱ्या थापायच्या आणि उन्हात वाळवायच्या. मग खजुरीच्या खोडांचा थर, त्यावर वाळलेल्या मातीचा थर, पुन्हा खोडं, असा ढीग रचायचा आणि तो पेटवून द्यायचा. काही दिवस ढीग जळत, धुमसत राहतो. निवला की भाजलेली माती कुटून तिची पूड करायची. ही पूड चुन्यात आणि पाण्यात कालवली की असा गिलावा तयार होतो, जो पाण्याखालीसुद्धा घट्ट होतो. ओमानचे 'फलज', म्हणजे डोंगरातलं पाणी मैलोनमैल गावापर्यंत आणणारे पाट, याच सारूजच्या अस्तरावर टिकले. विहिरी, टाक्या, हौद, गढ्यांचे बुरूज, सगळीकडे तेच.

यामागचं रसायन रोमन लोकांनाही अनुभवाने कळलं होतं. ते ज्वालामुखीची राख वापरायचे. माती ठरावीक तापमानाला भाजली की तिच्यातली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चुन्याशी क्रिया करायला तयार होतात. कमी भाजली तर माती मातीच राहते, फार भाजली तर पुन्हा निष्क्रिय होते. म्हणजे ढिगाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेवर सगळं अवलंबून. सुलतान काबूस विद्यापीठातल्या स्थापत्य अभियंत्यांनी प्रयोगशाळेत माती वेगवेगळ्या तापमानाला भाजून नेमका हाच टप्पा शोधण्याचं काम केलं आहे. जुन्या कारागिराच्या अंदाजाला आकडा देण्याचं काम म्हणा ना.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटलं पाहिजे. आपल्याकडे विटेची पूड चुन्यात घालायचे, तिला सुरखी म्हणतात. काम तेच, फक्त माती आधी वीट होऊन आलेली. (सारूज आणि सुरखी या शब्दांच्या ध्वनिसाम्यावर मात्र फार विसंबू नका. सुरखी 'सुर्ख' म्हणजे लाल या फारसी शब्दावरून आली आहे.) आणि किल्ल्यावर गेलात की चुन्याची घाणी दिसते ना, ते गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक, तीच आपली कुटण्याची जागा. कोकणात आणि गोव्यात शिंपले भाजून चुना करायचे. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर माणसं साधारण सारखंच काहीतरी करत होती: किनाऱ्यावर जे सापडेल ते जाळून, भिंतीला खाऱ्या हवेपासून वाचवायचं.

पोर्तुगीजही दोन्ही काठांवर होते. १५०७ मध्ये अफोंसो द अल्बुकर्कने मस्कत जाळलं आणि घेतलं. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस बंदराच्या तोंडाशी जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले उभे राहिले. १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफ यांनी त्यांना मस्कतमधून हुसकावलं. निझवाचा तो प्रचंड गोल बुरूज त्यांचाच. पुढे ओमानी जहाजं पोर्तुगीजांचा पाठलाग करत आपल्या किनाऱ्यापर्यंत आली, १६७४ मध्ये त्यांनी वसईवर छापा घातला. शाळेत आपण वसई म्हटलं की १७३९ आणि चिमाजी आप्पा एवढंच शिकतो. त्याआधीच्या या मस्कती छाप्याबद्दल मला पीएचडीला परदेशात गेल्यावर कळलं, हेही जरा गमतीचंच.

गोव्यात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: पोर्तुगीज काळात पांढरा रंग फक्त चर्चचा, घरांना दुसरा कुठलातरी रंग द्यायचा. कायदा होता की रूढी होती यावर वाद घालता येईल, पण पणजीच्या फोंताईन्यशमध्ये फिरताना गेरू, पिवळी माती, निळीचा निळा दिसतो आणि मधूनच पांढरंशुभ्र चर्च, तेव्हा ती गोष्ट पटते. मस्कतमध्ये बरोबर उलटं झालं. तिथे सगळ्यांनीच पांढरं असायचं. आणि ही गोष्ट सोळाव्या शतकातली नाही, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे.

२३ जुलै १९७० रोजी काबूस बिन सईद यांनी वडिलांना बाजूला सारून सत्ता हाती घेतली. त्याआधीचं मस्कत म्हणजे तटबंदीतलं एक छोटं गाव. सूर्यास्तानंतर तीन तासांनी वेशीचे दरवाजे बंद व्हायचे आणि त्यानंतर बाहेर पडायचं तर हातात कंदील हवा. सगळ्या देशात मिळून दहा-एक किलोमीटर डांबरी रस्ता. चलन होतं गल्फ रुपया, १९५९ पासून आखातासाठी आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला. म्हणजे त्या काळी मत्राहच्या बाजारात चुन्याची गोणी घेतली तर पैसे रुपयांत मोजायचे. तेलाची निर्यात १९६७ ला सुरू झाली होती, पण पैसा भिंतींपर्यंत पोचला तो १९७० नंतर.

आणि तो पोचला सिमेंटच्या रूपाने. बंदरं, दवाखाने, शाळा, मंत्रालयं, सगळं काँक्रीटचं. काही वर्षांत मस्कत डोंगर फोडून रुवी, कुरुम, अल खुवैर असं पसरत गेलं. या बांधकामात मुंबईचा वाटा मोठा. सुलतानाचा अल आलम राजवाडा, तो निळ्या-सोनेरी खांबांचा, सत्तरच्या दशकात मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने बांधला. पांढऱ्या शहराच्या मधोमध एकच इमारत मनसोक्त रंगीत आहे आणि ती राजाची आहे. यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

नव्या शहराने कसं दिसायचं याचे नियम हळूहळू घट्ट होत गेले. इमारतीची उंची मर्यादित, दर्शनी भागात कमानी, जाळ्या, कंगोरे असं 'ओमानी' वळण, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि एसीचे डबे रस्त्यावरून दिसता कामा नयेत, आणि बाहेरचा रंग पांढरा किंवा त्याच्या जवळपासचा. १९९२ मध्ये मस्कत नगरपालिकेने बांधकामाची सविस्तर नियमावली काढली. त्या शहरात मळकी गाडी रस्त्यावर आणली तरी दंड होऊ शकतो, त्यामुळे मळक्या भिंतीबद्दल नगरपालिका काय म्हणत असेल याची कल्पना करा.

जयपूर आठवलं असेल. १८७६ मध्ये इंग्लंडचा युवराज येणार म्हणून शहर गुलाबी रंगवलं आणि आज तो गुलाबी रंग 'प्राचीन' वाटतो. मस्कतचंही तसंच, पण एक फरक आहे. जयपूरने एक नवाच रंग धरला. मस्कतने जुन्यातलाच एक रंग निवडला, बंदरातल्या पाच-पन्नास श्रीमंत घरांचा, आणि तो सगळ्यांचा करून टाकला. झावळ्यांची घरं गेली, मातीच्या घरांचा तपकिरी रंग 'वारसा स्थळां'त जाऊन बसला आणि चुन्याचा पांढरा हा राष्ट्राचा चेहरा झाला. मला यात फसवणूक वगैरे दिसत नाही. अत्यंत वेगाने बदलणाऱ्या देशाने आपलं शहर शेजाऱ्यांसारखं काचेचं होऊ दिलं नाही, हे कौतुकाचंच आहे. पण निवड होती हे विसरायचं कारण नाही.

आता गंमत अशी की रंग तोच राहिला, पण वस्तू पूर्ण बदलली. माझ्या दृष्टीने या विषयातली सगळ्यात रंजक जागा हीच, म्हणून इथे थोडं रसायनशास्त्र सहन करा.

चुन्याची सफेती म्हणजे काय? चुनखडी किंवा शिंपला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, गाळायचा, पातळ करून कुंच्याने भिंतीला लावायचा. मग तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे सफेती हा रंग नाहीच मुळी, तो दगडाचा अतिशय पातळ थर आहे, आणि तो घट्ट होतो हवेमुळे. या थराला बारीक छिद्रं असतात. भिंतीत शिरलेली ओल वाफ होऊन बाहेर पडते. क्षार बाहेर येऊन सफेतीवरच फुलतात, आपण त्याला लोणा लागला म्हणतो. पुढच्या वर्षी सफेती झाडायची आणि नवीन हात मारायचा. सफेती मरते, भिंत जगते.

काँक्रीटचं नेमकं उलट. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया असतात आणि त्यांना गंज लागत नाही तो सिमेंटच्या क्षारधर्मी गुणामुळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरला की तो गुण कमी होतो, त्यात समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ मिसळलं की सळया गंजतात, फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे उडतात. मुंबईत समुद्राकाठच्या जुन्या इमारतींच्या सज्जांखाली उघड्या पडलेल्या तांबूस सळया पाहिल्या असतील, तेच. म्हणून काँक्रीटला बाहेरून असा थर लागतो जो हवा आणि पाणी आत येऊ देत नाही: अ‍ॅक्रिलिकचा. तोही पांढराच. लांबून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. पण चुन्याला हवा हवी आणि काँक्रीटला ती नको. एकाच रंगाच्या दोन कातड्या, एकीचं काम श्वास घेऊ देणं आणि दुसरीचं श्वास अडवणं.

अडचण येते ती एकीच्या जागी दुसरी लावली की. मत्राहमधल्या किंवा आतल्या गावांतल्या जुन्या घराला 'जरा नीट' करायचं म्हणून सिमेंटचा गिलावा आणि वर अ‍ॅक्रिलिक रंग लावला, तर पहिली दोन-तीन वर्षं घर नवंकोरं दिसतं. मग जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडायला वाट शोधते. वाट मिळत नाही. क्षार रंगाच्या मागे साठतात, त्यांचे स्फटिक वाढतात, रंगाला फोड येतात आणि तो निघताना स्वतःबरोबर शंभर-दोनशे वर्षांचा सारूज ओढून नेतो. हे संकट केवळ ओमानचं नाही. आपल्याकडे किती देवळांच्या दगडावर ऑइलपेंट फासलेला आहे ते आठवून पाहा.

बहलाचा किल्ला या प्रकरणातलं सगळ्यात मोठं उदाहरण. बनू नभान घराण्याच्या काळातली, कच्च्या विटांची ती अवाढव्य गढी आणि गावाभोवतीचा सुमारे १२ किलोमीटरचा तट १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, त्याचं नाव धोक्यातल्या वारशाच्या यादीत आलं. दर पावसाळ्यानंतर मातीच्या भिंती ढासळत होत्या. दुरुस्तीचा पहिला धडा तिथे शिकला गेला: मातीच्या इमारतीला मातीच लागते. मूळ पद्धतीच्या विटा आणि गिलावा वापरून काम चालू राहिलं, २००४ मध्ये धोक्याची खूण निघाली आणि २०१२ मध्ये किल्ला लोकांसाठी पुन्हा उघडला. मातीच्या रंगाचा, अर्थात. बहलाला कुणी पांढरं करायला गेलं नाही.

बरं, मग नव्या मस्कतचा हा नवा पांढरा येतो कुठून? विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत डब्यातला पांढरा रंग म्हणजे शिशाचा किंवा जस्ताचा. शिसं विषारी. (भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा सक्तीने लागू झाली ती थेट नोव्हेंबर २०१७ पासून, म्हणजे आपल्यातले बहुतेक जण शिशाच्या रंगांच्या भिंतींना टेकूनच मोठे झाले.) १९१६ च्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत टायटॅनियम डायऑक्साइड कारखान्यात तयार होऊ लागला. आज जगातला जवळजवळ प्रत्येक पांढरा रंग त्याच्यावर उभा आहे. तो मिळतो इल्मेनाइट नावाच्या खनिजातून, आणि इल्मेनाइट दिसतं काळं. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर त्याच्या खाणी आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी चमकदार वाळू दिसते तीही तीच. शुभ्र भिंतीच्या मुळाशी काळी वाळू.

या धंद्याची आपल्याकडची कहाणीही सांगण्यासारखी आहे. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी रंगांची आयात थांबलेली असताना, मुंबईत चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात रंगाचा डबा-ब्रश घेतलेला गट्टू काढला. पुढे कंपनी फिजीपासून आखातापर्यंत पसरली, ओमानमध्येही तिचा व्यवसाय आहे. एके काळी मुंबईहून मस्कतला सागवान जायचं. आता मुंबईत सुरू झालेल्या कंपनीचा रंग तिथे विकला जातो. गट्टूला मात्र २००२ च्या सुमारास निवृत्त करण्यात आलं.

आता शिडीवरच्या माणसाकडे येऊ.

१९७० नंतरचं मस्कत ज्यांनी बांधलं आणि रंगवलं त्यांत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी कामगार मोठ्या संख्येने होते, आहेत. त्यात कोकणातलेही. रत्नागिरी-रायगडची, विशेषतः खेड, दापोली, महाड, श्रीवर्धन या तालुक्यांतली, अनेक मुस्लिम कुटुंबं सत्तरच्या दशकापासून आखाताशी जोडलेली आहेत. १९८३ च्या स्थलांतर कायद्यानुसार दहावी न झालेल्या माणसाला ओमानसह आखाती देशांत कामाला जायचं तर सरकारी मंजुरी घ्यावी लागते. पासपोर्टच्या भाषेत 'ईसीआर'. परदेशात शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना हा शब्द माहीतसुद्धा नसतो. आपल्या पासपोर्टवर ती ओळ नसते, म्हणून.

खेडजवळच्या एका गावात मी अशा एका निवृत्त रंगाऱ्याशी बोलले. ऐंशीच्या दशकात गेले, वीसेक वर्षं मस्कत आणि सोहारमध्ये काम केलं. मी त्यांना चाचा म्हणत होते, ते मला "बाय". मी परंपरा, ओळख असले प्रश्न घेऊन गेले होते. ते लांबी आणि पॉलिश पेपरबद्दल बोलत होते. रंग मारणं हे काम नव्हेच, असं त्यांचं म्हणणं. खरं काम त्याच्या आधीचं: जुना रंग खरवडणं, भेगा कापून त्यात लांबी भरणं, घासणं, धूळ धुणं, भिंत सुकू देणं, प्रायमर. "रंग काय, पोरगापण मारील," म्हणाले. घासताना उडणारी सिमेंटची धूळ नाकातोंडात जायची, तोंडाला रुमाल बांधायचा, एवढंच संरक्षण. आणि भिंत तापलेली असली तर रंग रोलरवरच सुकायचा.

हे शेवटचं त्यांनी सहज सांगितलं, पण त्यात सगळं तंत्र आहे. पाण्यात मिसळलेला अ‍ॅक्रिलिक रंग भिंतीवर गेल्यावर त्यातलं पाणी हळूहळू उडावं लागतं, मगच त्याचे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो. भिंत खूप तापलेली असेल तर पाणी आधीच उडतं, पापुद्रा नीट बनत नाही आणि काही महिन्यांत भुकटी हाताला लागते. ओमानचं ऊन म्हणजे काय, तर जून २०१८ मध्ये कुरियातला एक दिवस-रात्र अशी गेली की तापमान ४२.६ अंशांच्या खाली उतरलंच नाही. म्हणून रंगकामाचा खरा हंगाम हिवाळा. आपल्याकडे पाऊस संपून दिवाळी यायच्या आत घाई असते, तिथे उन्हाळा ओसरला की. पण बिल्डरची तारीख हंगाम पाहून ठरत नाही. २००८ च्या नियमानुसार ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करवून घ्यायला बंदी आहे. चाचांची बरीचशी वर्षं त्याआधीची. तेव्हा दुपारी ते इमारतीच्या सावलीकडची बाजू धरायचे आणि सावली फिरेल तसा झुला फिरवायचे. त्याने माणूस थोडा वाचायचा आणि रंगही. मुकादमाला त्यातलं दुसरं कारण सांगायचं.

नोकरी बदलायची तर जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं. ही अट जानेवारी २०२१ मध्ये गेली. २०२३ मध्ये नवा कामगार कायदाही आला. नियम किती पाळले जातात हा वेगळा लेख होईल, पण चाचांच्या काळात पत्र न देणारा मालक म्हणजे सुट्टीवर घरी जाऊन पुन्हा नव्याने सगळी खटपट, एवढं त्यांनी सांगितलं आणि विषय बदलला.

इतिहासलेखनात या लोकांची जागा कुठे, असा प्रश्न मला पडतो. चुना भाजणाऱ्याचं, सारूजचा ढीग सांभाळणाऱ्याचं नाव आपल्याकडे नाही, पण निदान त्याचं कौशल्य 'वारसा' म्हणून मोजलं जातं, त्यावर शोधनिबंध येतात. अ‍ॅक्रिलिक रंग लावणाऱ्याचं कौशल्य मात्र कुठल्याच यादीत नाही. ते 'अकुशल' रकान्यात जातं. आणि तरी शहराचा चेहरा म्हणून जे पोस्टकार्डवर छापलं जातं, ते अक्षरशः त्याच्या हातचं असतं. जून २००७ मध्ये गोनू वादळ आलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहीन. पाणी ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची रेघ राहते, कमरेएवढी, छातीएवढी. ती खरवडून, सुकवून पुन्हा पांढरी करणारे हातही हेच.

निघताना चाचांच्या घराकडे नीट पाहिलं. कोकणातल्या आखाती पैशाच्या घरांची एक खास शैली असते: मोठा सज्जा, खांब, स्टीलचा कठडा आणि लांबून ओळखू येईल असा रंग. त्यांचं घर गडद पिस्ता, कडांना चॉकलेटी. मी विचारलं, इतकी वर्षं पांढरा मारलात, मग घराला का नाही? त्यांच्या बायको आतून म्हणाल्या, "कोकणात पांढरा रवतो होय? पयल्या पावसात शेवाळ धरता." चाचा म्हणाले, तेही खरंच, आणि शिवाय मागच्या भिंतीला ओल आली आहे, तिथे अजून रंग लावलेला नाही. आधी ओल कुठून येते ते बघायला हवं.